हमी, परीक्षा आणि पाण्याची खूण : हिंगोली परिसरातील एका वादाच्या निमित्ताने

१. निमित्त

गेल्या खरीप हंगामात सेनगाव तालुक्यातील एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकापुढे एक कागद ठेवला आणि त्यावरील इंग्रजी मजकुराचे मराठी करून मागितले. त्याचे वडील शेतकरी. ई-पीक पाहणीची नोंद करण्यासाठी ते रिमझिम पावसात सोयाबीनच्या शेतात मोबाईल घेऊन उभे राहिले होते. नोंद झाली, परंतु आठ दिवसांनी मोबाईल बंद पडला. खरेदीला वर्ष झाले नव्हते. शेजारच्या जिल्ह्याच्या शहरी असलेल्या अधिकृत दुरुस्ती-केंद्रात तो उघडून पाहण्यात आला, आतील एक पांढरी खूण लाल झालेली आढळली, आणि कामाच्या कागदावर ‘लिक्विड डॅमेज, आउट ऑफ वॉरंटी’ एवढे शब्द लिहून तो परत देण्यात आला. तक्रार मराठीत लिहावयाची होती. त्यासाठी या शब्दांचा अनुवाद हवा होता.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाला हे काम दोन मिनिटांचे वाटावे, यात नवल नाही. प्रत्यक्षात मात्र त्या अनुवादाला कित्येक दिवस लागले. ‘वॉरंटी’ म्हणजे नेमके काय, ती कोणी कोणाला दिली, ‘डॅमेज’ आणि ‘डिफेक्ट’ यांतील सीमा कोणी आखावयाची, आणि ती आखताना वस्तू तपासण्याचा अधिकार कोणाचा, असे प्रश्न एकामागून एक उभे राहिले. या प्रश्नांचा इतिहास भ्रमणध्वनीच्या इतिहासाहून पुष्कळ जुना आहे. भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्यात झाले; पण विकलेल्या वस्तूत पुढे दोष निघाला तर काय करावे, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी दीड हजार वर्षांपूर्वी हाताळला होता. हमीचा इतिहास हा मुख्यतः परीक्षेच्या अधिकाराचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

२. क्रीतानुशय : परीक्षा ग्राहकाच्या हाती

स्मृतिग्रंथांत व्यवहाराची म्हणजे दाव्यांची जी अठरा पदे सांगितली जातात, त्यांत खरेदी-विक्रीच्या पश्चात्तापासंबंधीचे एक पद आहे. नारदस्मृतीत त्याला ‘क्रीतानुशय’ म्हटले आहे. ‘अनुशय’ म्हणजे पश्चात्ताप. नारदाचा मूळ दंडक असा की, विकत घेणाऱ्याने माल आधी स्वतः गुणदोषदृष्टीने पारखावा, आणि पारखून पसंत केलेला माल मग विक्रेत्याकडे परत जात नाही. परंतु त्याच स्मृतीत विक्रेत्यावरही बंधन आहे. निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू हाती देणाऱ्याने ग्राहकाला दुप्पट मूल्य द्यावे आणि तितकाच दंडही भरावा, असे तेथे सांगितले आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीने याहून पुढे जाऊन परीक्षेचे कालच ठरवून दिले आहेत. बियाण्यासाठी दहा दिवस, लोखंडासाठी एक दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावरासाठी पाच दिवस, रत्नांसाठी सात दिवस, दुभत्या जनावरासाठी तीन दिवस. (या यादीत दासदासीही येतात, त्या समाजव्यवस्थेची ती काळी बाजू नजरेआड करता येत नाही.) या मुदतीत दोष आढळल्यास वस्तू परत करता येते, मुदत संपल्यावर नाही. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६ ते ११२६) याच्या आश्रयाने कल्याणी येथे लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत हिंगोली आणि कल्याणी ही दोन्ही एकाच हैदराबाद राज्यात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हा विचार आपल्या प्रदेशाला किती जवळचा आहे ते कळते.

या मुदती मनमानी नाहीत. बियाणे उगवून येण्यास जितके दिवस लागतात तितके दिवस; बैलाची चाल, खांदा व दम समजण्यास जितके लागतात तितके. दोष ज्या गतीने प्रकट होतो, त्या गतीने परीक्षणकाल ठरविलेला आहे. नारदाचा आणखी एक नियम आजच्या वादाच्या फार जवळ येतो. वापरून मळलेले, चुरगळलेले वस्त्र, मुळात ते सदोष असले तरी, परत करता येत नाही. वापराने झालेली हानी आणि मूळचा दोष एकमेकांत मिसळले की ते वेगळे काढता येत नाहीत. म्हणून स्मृतिकाराने तेथे ग्राहकाच्या विरुद्ध निर्णय दिला. ‘डॅमेज’ आणि ‘डिफेक्ट’ यांचा घोळ हा असा पुरातन आहे.

ही परंपरा केवळ ग्रंथगत नव्हती. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भरणारा जनावरांचा बाजार मराठवाड्यात सर्वांस परिचित आहे. अशा बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. पण त्याआधी ग्राहक जनावराचे दात पाहतो, ते चालवून पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, आणि ‘काही खोड आहे का?’ असे उघड विचारतो. ‘खोड’ हा शब्द येथे लक्षणीय आहे. नाण्यात असते ती ‘खोट’, जनावरात असते ती ‘खोड’, वस्तूत असतो तो ‘दोष’, आणि वापरता वापरता होतो तो ‘बिघाड’. पहिली तिन्ही नावे विक्रीपूर्वीच्या स्थितीची आहेत. चौथे विक्रीनंतरच्या घटनेचे. मराठी बाजाराने ही सीमा शब्दांतच आखून ठेवली होती, आणि तिची पारख करणारा हात ग्राहकाचा होता.

३. शब्दांची वंशावळ

मराठीतील व्यवहारभाषेचा मोठा भाग फारसी-अरबीतून आलेला आहे. ‘जामीन’ हा अरबी ‘झामिन’पासून, ‘जिम्मा’, ‘मुदत’, ‘नुकसान’, ‘दावा’ हे सर्व अरबीच. ‘दुरुस्ती’, ‘जबाबदारी’ आणि ‘दाद’ ही फारसी. ‘दाद’ म्हणजे न्याय; म्हणून आपण दाद ‘मागतो’. ‘फिर्याद’ ही मूळची हाक किंवा आकांत होय. ‘तक्रार’ हा सर्वांत उद्बोधक शब्द. अरबीत त्याचा अर्थ पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा म्हणणे. फारसी-उर्दूत तो वादावादी झाला, आणि मराठीत गाऱ्हाणे. दुरुस्ती-केंद्राच्या पायऱ्या ज्याने चारदा चढल्या आहेत, त्याला मूळ अरबी अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

‘हमी’चा संबंध अरबी ‘हामी’ म्हणजे रक्षणकर्ता, पाठीराखा, या शब्दाशी जोडला जातो. म्हणजे हमी ही मुळात वस्तूची नव्हे, माणसाची. कोणी तरी पाठीशी उभे राहण्याची. या शब्दाला महाराष्ट्रात एक विशेष भवितव्य लाभले. १९७२ च्या दुष्काळात ‘रोजगार हमी योजना’ राज्यभर रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेने ‘हमी’ शब्द मराठवाड्यातील प्रत्येक गावात नेला. पाठोपाठ ‘हमीभाव’ आला. हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या कानाला म्हणूनच ‘हमी’ म्हणजे शासनाने दिलेला शब्द असा अर्थ सवयीचा आहे. कंपनी देते ती ‘वॉरंटी’. ‘मोबाईलची हमी’ असे तो क्वचितच म्हणतो. विधिभाषेत ‘प्रत्याभूती’ हा शब्दही घडविण्यात आला. परंतु दुकानाच्या पाटीवर तो आमच्या पाहण्यात आलेला नाही.

‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ ही जोडी तर भाषाशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून द्यावी अशी आहे. दोन्ही एकाच जर्मानिक धातूची अपत्ये. उत्तर फ्रान्सच्या बोलीने मूळचा ‘व’ राखला, मध्य फ्रान्सच्या बोलीने त्याचा ‘ग’ केला, आणि इंग्रजीने दोन्ही रूपे वेगवेगळ्या वेळी उसनी घेतली. मूळ अर्थ एकच: रक्षण करणारा. म्हणजे ‘हमी’, ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ हे तिन्ही शब्द दोन भिन्न भाषाकुलांतून एकाच कल्पनेपाशी येऊन थांबतात. आपल्या बाजारात मात्र या जुळ्यांना वेगळे संसार मिळाले. ‘गॅरंटी’ म्हणजे बदलून मिळणार, ‘वॉरंटी’ म्हणजे दुरुस्त करून मिळणार, अशी वाटणी दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही मानतात. कायद्यात या वाटणीला आधार नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे ‘गॅरंटी’चा करार म्हणजे तिसऱ्याने आपली जबाबदारी पार पाडली नाही तर ती आपण पार पाडू, असा करार; म्हणजे आपले जामीनपत्रच.

४. उच्चारलेला शब्द आणि गृहीत धरलेला शब्द

इंग्लंडच्या न्यायालयात एकेकाळी केवळ शब्दावर किती अवलंबून असे, हे १६०३ च्या ‘चँडेलर विरुद्ध लोपस’ या खटल्यात दिसते. एका सुवर्णकाराने शंभर पौंडांना एक खडा विकला आणि तो ‘बेझोर’ आहे असे सांगितले. बेझोर हा जनावराच्या पोटात तयार होणारा, विषावर उतारा मानला जाणारा खडा. त्याचे नाव फारसी ‘पादजहर’ या शब्दावरून आले आहे. खडा तसा नव्हता. तरीही ग्राहक हरला. विक्रेत्याने खडा बेझोर असल्याचे केवळ ‘सांगितले’ होते, तशी ‘वॉरंटी’ दिल्याचे दाव्यात म्हटलेले नव्हते, असे न्यायालयाचे कारण होते. ग्राहकाने सावध राहावे, या तत्त्वाची ही परमावधी होय. शतकाच्या अखेरीस न्यायमूर्ती होल्ट यांनी विक्रीच्या वेळी केलेले ठाम विधान तशा हेतूने केले असल्यास तीच हमी मानावयास प्रारंभ केला, आणि पुढे दोनशे वर्षांत काही हमी न बोलताही गृहीत धरावयाच्या असतात, हा विचार स्थिर झाला. मॅकेंझी चामर्स यांनी रचलेला ब्रिटनचा १८९३ चा मालविक्री कायदा आणि त्याच्या नमुन्यावरचा भारताचा १९३० चा कायदा ही त्याची फळे.

१९३० च्या कायद्याचे कलम १२ ‘शर्त’ आणि ‘वॉरंटी’ यांत भेद करते. शर्त मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी ही कराराच्या मुख्य हेतूस आनुषंगिक असल्याने ती मोडली तर केवळ भरपाई मागता येते. कलम १६ प्रमाणे विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून विशिष्ट हेतूने घेतलेला माल त्या हेतूस योग्य असला पाहिजे. पण कलम ६२ प्रमाणे अशा गृहीत अटी उभयतांच्या कराराने वगळताही येतात. खोक्यातील बारीक अक्षरांच्या पत्रिकेचे बळ या शेवटच्या कलमात आहे.

हिंगोलीला हा कायदा उशिरा लाभला. निजामी राजवटीत कारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दू होती, लोकभाषा मराठी. हिंगोली गावी हैदराबाद कंटिंजंटची छावणी असल्याने इंग्रजीची वर्दळही होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, आणि १ एप्रिल १९५१ पासून ‘ब’ वर्ग राज्यांसंबंधीच्या कायद्याने अनेक केंद्रीय कायदे येथे लागू झाले; मालविक्रीचा कायदा त्यांतच होता. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. म्हणजे येथील गिऱ्हाइकाने आपले गाऱ्हाणे शंभर वर्षांत फारसी, उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशा चार दरबारी भाषांच्या दारात नेले. बाजाराची भाषा मात्र तीच राहिली.

ग्राहक हा स्वतंत्र सामाजिक घटक आहे, ही जाणीव महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीने दृढ केली. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, आणि जिल्हावार न्यायव्यवस्थेमुळे ग्राहकाचे दारही जवळ आले. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने यात एक मोलाची भर घातली. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला जाता येते. माल नांदेडला घेतला असो वा दूरच्या ऑनलाइन दुकानातून. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीस शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

५. पाणी आणि लाल खूण

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. पाणी भ्रमणध्वनीला मारते ते एकदम नव्हे. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहत नाही. परंतु पावसाच्या, घामाच्या वा विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. यंत्रात वीजदाब असताना हे पाणी मंडलावर पसरले की धातूचे कण एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतात, जोड गंजतात, आणि सूक्ष्म तंतू वाढून दोन वाटा एकमेकींना भिडतात. ही क्रिया तासांत होते, दिवसांत होते, आठवड्यांतही होते. म्हणून पाणी लागण्याचा दिवस आणि यंत्र बंद पडण्याचा दिवस एकच असेल, असे नाही. याज्ञवल्क्याच्या भाषेत, या वस्तूचा परीक्षणकाल अनिश्चित आहे.

निर्मात्यांनी यासाठी यंत्रात एक साक्षीदार बसविला. ती एक लहानशी पांढरी पट्टी असते. पृष्ठभागाखाली पाण्यात विरघळणारा रंग असतो, द्रव लागताच पट्टी लाल वा गुलाबी होते. सिमकार्डाच्या खाचेत किंवा आतील मंडलावर ती चिकटवलेली असते. तिचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु तिच्या साक्षीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. द्रव लागला, एवढेच ती सांगते. केव्हा लागला, किती लागला, कोणत्या वाटेने आत आला, आणि बिघाड त्यानेच झाला की नाही, याविषयी ती मौन पाळते.

दुसरा साक्षीदार म्हणजे जाहिरातीतील ‘आयपी’ अंक. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या प्रमाणकात (प्रथम १९७६) हे अंक ठरविले आहेत. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा अंक सात असेल तर एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. आठ असेल तर त्याहून कठीण, पण निर्मात्याने ठरविलेल्या अटींवर. ही परीक्षा गोड्या, स्थिर पाण्यात, नव्या यंत्रावर, प्रयोगशाळेत होते. खिशात वर्षभर वापरलेल्या, एकदोनदा हातून पडलेल्या यंत्राची रबरी बांधणी तशीच राहत नाही. निर्माते हे सांगतातही. फरक एवढाच की अंक मोठ्या अक्षरांत असतो आणि मर्यादा बारीक अक्षरांत.

६. परदेशांतील तीन निर्णय

या दोन साक्षीदारांवर परदेशांत वाद झाले आहेत. अमेरिकेत ॲपल कंपनीने खुणेच्या रंगावरून हमी नाकारली, आणि ती खूण केवळ दमट हवेनेही लाल होऊ शकते, असा आक्षेप घेऊन ग्राहकांनी सामूहिक दावा केला. कंपनीने आपली चूक मान्य न करता २०१३ मध्ये ५ कोटी ३० लाख डॉलरांची तडजोड केली. इटलीच्या स्पर्धा व ग्राहक प्राधिकरणाने २०२० च्या नोव्हेंबरात त्याच कंपनीला १ कोटी युरोंचा दंड केला. अमुक मीटर खोल पाण्यात यंत्र टिकते अशी जाहिरात करावयाची, ते केवळ प्रयोगशाळेतील स्थिर, शुद्ध पाण्यापुरते आहे हे स्पष्ट करावयाचे नाही, आणि द्रवाने झालेली हानी हमीत नाही असे वर म्हणावयाचे, ही विसंगती प्राधिकरणाने दाखविली. ऑस्ट्रेलियात २०१६ ते २०१८ या काळातील जाहिरातींत तरणतलावात वा समुद्राच्या पाण्यात वापरता येतील असे भासविलेल्या यंत्रांच्या चार्जिंगच्या तोंडाशी गंज चढू शकतो, हे सॅमसंगच्या तेथील शाखेने मान्य केले. जून २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने तिला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड ठोठावला.

या तीन निर्णयांत क्रम दिसतो. पहिल्यात साक्षीदाराची विश्वासार्हता, दुसऱ्यात जाहिरात आणि अट यांतील विरोध, तिसऱ्यात जाहिरातीचाच खरेखोटेपणा. चँडेलरच्या सुवर्णकाराला ‘मी फक्त सांगितले’ असे म्हणून सुटता आले. आजच्या विक्रेत्याला तसे सुटता येत नाही.

७. सिद्धतेचा भार

भारतीय कायद्यातही यासाठी जागा आहे. २०१९ च्या कायद्यात ‘दोष’ याची व्याख्या करताना कायद्याने वा कराराने आवश्यक असलेला दर्जा एवढेच न म्हणता, व्यापाऱ्याने कोणत्याही रीतीने दावा केलेला दर्जाही तीत घेतला आहे. म्हणजे खोक्यावरील पाण्याच्या थेंबांचे चित्र हेही दोषाचे माप ठरू शकते. पुरेशा व योग्य चाचणीवर आधारलेली नसलेली कार्यक्षमतेची हमी ही अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे, आणि चाचणी केली होती असा बचाव घेणाऱ्यावरच तो सिद्ध करण्याचा भार आहे. तपासणीवाचून दोष ठरविता येत नसेल, तर कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. सेवेतील न्यूनता सिद्ध करण्याचा प्राथमिक भार तक्रारदारावरच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘एसजीएस इंडिया’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. यंत्र हौदात पडले, तरी ‘पाणी लागलेच नाही’ असे सांगणारी माणसे असतात. त्या सर्वांचा खर्च कंपनीने सोसला तर तो अखेर प्रामाणिक गिऱ्हाइकाच्याच किमतीत चढेल. पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे: जी गोष्ट विशेषतः ज्याच्या माहितीतली, ती त्याने सिद्ध करावी. हे तत्त्व या वादात दोन्ही बाजूंना कापते. यंत्र कोठे होते, कसे वापरले, हे ग्राहकालाच ठाऊक. यंत्राच्या आत काय आढळले, बांधणी अभंग होती की नाही, गंज कोठे होता, हे उघडणाऱ्यालाच ठाऊक.

अडचण येथेच आहे. बारा-पंधरा हजारांच्या वस्तूसाठी प्रयोगशाळेचा खर्च व वेळ कोण सोसणार? बहुधा वाद कामाच्या कागदावरच निकालात निघतो. तो कागद लिहिणारा म्हणजे ज्याच्यावर दुरुस्तीचा खर्च पडणार त्याच पक्षाचा माणूस. ग्राहकाने स्वतः यंत्र उघडावे म्हटले तर उघडल्यानेच हमी संपते. नारदाने परीक्षा ग्राहकाच्या हाती दिली होती; माळेगावच्या बाजारात ती अजून त्याच्याच हाती आहे. भ्रमणध्वनीच्या बाबतीत परीक्षा विक्रेत्याकडे गेली, आणि तीही विक्रीपूर्वी नव्हे, बिघाडानंतर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. परीक्षेचा अधिकार परत आणण्याच्या दिशेने ते एक पाऊल मानावयास हरकत नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने ऐन पावसाळ्यात शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे असते. कयाधूकाठच्या काळ्या जमिनीत, श्रावणसरीत, हे यंत्र कोरडे ठेवणे नेहमी शक्य नसते. पूर्वी तलाठ्याची वही भिजली तर तो शासनाचा प्रश्न होता. आता मोबाईल भिजला तर तो शेतकऱ्याचा खासगी प्रश्न ठरतो. ज्या हंगामात शासन यंत्र शेतात न्यावयास सांगते, त्याच हंगामाचे पाणी कंपनी हमीबाहेर ठेवते. दोन्ही ‘हमी’ देणारे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि मध्ये उभा असतो तो माणूस एकच.

८. उपसंहार : एका अनुवादाची गोष्ट

पुन्हा त्या कागदाकडे येऊ. ‘लिक्विड डॅमेज’ हा नामसमूह आहे. त्यात क्रियापद नाही, म्हणून कर्ता नाही, काळ नाही, प्रमाण नाही. मराठीत मात्र क्रियापद टाळून हे सांगणे कठीण. यंत्र ‘भिजले’ म्हणावे, तर वरून पाणी पडले. ‘बुडाले’ म्हणावे, तर कोणी पाण्यात टाकले. ‘पाणी झिरपले’ म्हणावे, तर बांधणीत फट होती. आणि ‘सादळले’ म्हणावे, तर केवळ दमट हवेने ओल धरली, जशी पावसाळ्यात काडेपेटी किंवा पापड धरतात. ही चार क्रियापदे म्हणजे चार वेगळी कारणे, आणि कारण बदलले की जबाबदारीही बदलते. बुडविणे हा वापरणाऱ्याचा दोष. झिरपणे हा बहुधा बांधणीचा. सादळणे हा तर आपल्या हवामानाचा गुण, जो येथे माल विकणाऱ्याने आधीच जाणून घेतला पाहिजे. इंग्रजीतही हे भेद करता येतात. परंतु कागदाच्या छापील चौकटीत त्यांना जागा नाही.

म्हणून तांत्रिक अहवाल मराठीत आणि पूर्ण वाक्यांत द्यावा, ही मागणी केवळ भाषाभिमानाची नव्हे. पूर्ण वाक्य लिहावयाचे झाले, म्हणजे लिहिणाऱ्याला काय पाहिले ते सांगावे लागते: खूण कोठली, गंज कोणत्या भागावर, बांधणी अभंग की तुटलेली, आणि बिघडलेला भाग व ओला भाग एकच की वेगळे. एवढी चार वाक्ये आणि दोन छायाचित्रे मिळाली, तर बहुतेक वाद आयोगापर्यंत जाणारच नाहीत, आणि गेले तरी प्रयोगशाळेवाचून मिटतील. ग्राहकानेही खरेदीची पावती, जाहिरात आणि बिघाडाची तारीख जपून ठेवावी, आणि यंत्र कसे वापरले ते खरे सांगावे. परीक्षा दुसऱ्याच्या हाती गेली असली, तरी परीक्षेचा अहवाल मागण्याचा अधिकार गेलेला नाही.

विद्यार्थ्याला अखेर जो अनुवाद दिला, तो असा: ‘यंत्रात द्रव आढळला, म्हणून दुरुस्ती हमीत बसत नाही, असे केंद्राचे म्हणणे आहे. द्रव केव्हा, किती व कोणत्या मार्गाने आला, आणि बिघाड त्यामुळेच झाला किंवा कसे, हे मूळ कागदावर लिहिलेले नाही.’ दुसरे वाक्य अनुवादाचे नव्हे, असा आक्षेप त्याने घेतला. तो भाषेच्या दृष्टीने बरोबर होता. तरीही ते वाक्य तक्रारीत ठेवावे, असा सल्ला दिला. कारण त्या कागदावर जे लिहिले होते त्याहून जे लिहिलेले नव्हते, तेच त्याच्या वडिलांच्या बाजूचे होते.